सेलूच्या पोरीच्या तारा

"उगोल्या! माय वो, उगोल्या!"

सेलूची पोरगी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून अशी ओरडली, की कॉलेजातल्या कडुनिंबावरचे कावळे उडाले ते थेट हिंगणघाटला जाऊन बसले. "इकडे ये ना वो, पाह्य ना!"

पाहिलं. काळ्याकुट्ट गोलात हिरव्यागार रेघा पेटल्या होत्या, आणि माझ्या पोटातही काहीतरी पेटलं. "छान," मी म्हणाले. एवढा एक शब्द काढायला मला अर्धा लिटर पाणी प्यावं लागलं.

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची उन्हाळ्याची सुट्टी होती. चमकणाऱ्या पॉलिमरच्या तारा वाढवायला मॅडमनी आम्हा दोघींना निवडलं होतं. केसाच्या उभ्या चारशे फाका केल्या तर त्यातली एक, एवढी बारीक तार. बटणाएवढी पांढरी चकती घ्यायची, तिला डोळ्यांना न दिसणारी आरपार भोकं. तिच्यावर पॉलिमरच्या द्रावणाचा थेंब सोडायचा. तो भोकांत उतरून वाळला की चकती कॉस्टिक सोड्यात विरघळवून टाकायची. मागे उरतात त्या तारा, आणि अतिनील दिव्याखाली त्या हिरव्या पेटतात. जिच्या तारा चांगल्या, ती नागपूरच्या परिषदेत पोस्टर घेऊन उभी राहणार. जागा एकच. मी तर ड्रेससुद्धा शिवायला टाकला होता.

घरी बाबा रोज जेवताना विचारत, "उगवण किती झाली?" जसं काही मी सोयाबीन पेरून आले होते. उगवण शून्य. द्रावणाची बाटली तीच, चकत्या एकाच डब्यातल्या, तरी तिच्या तारा आणि माझा नुसता चिखल! मला तिच्या वेणीचासुद्धा राग येऊ लागला.

बरं, जागा माझीच चांगली होती. मे महिन्यात वर्ध्याचं डांबर असं उकळत होतं, की माझी एक चप्पल अजून चौकात रुतलेली आहे. म्हणून रोज सकाळी तिच्या आधी येऊन मी कूलरसमोरचं टेबल धरायची. ती एसटीनं येणार, उशिरा. तिच्या वाट्याला कोपरा. तिथे बाटल्या गार ठेवायला ओल्या वाळूवर एक गळका माठ ठेवलेला, बाकी काही नाही.

ती ओरडली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी ओरडले, तिच्या दुप्पट. "माझ्याही उगवल्या! हिच्याहून लांब!"

मॅडम आल्या, वाकल्या, बराच वेळ पाहत राहिल्या. "निळ्या कशा गं?"

"जास्त चांगल्या असतील, मॅडम."

त्यांनी चिमटा घेतला आणि माझी तार काचेवरून उचलली. ती तिघींच्या डोळ्यांदेखत लोंबली.

"ॲप्रन कशात धुतेस?"

मी पावडरीचं नाव सांगितलं.

"त्या पावडरीची चकाकी आहे ही, दिव्याखाली निळी पेटते. ॲप्रनचं सूत आहे, बाई. वर्ध्यात राहून सूत ओळखता येऊ नये?"

सेलूची पोरगी हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

मग मॅडम माझ्या टेबलापाशी आल्या आणि कूलरच्या झोतानं त्यांच्या हातातले कागद भिरभिरत गेले. त्या थबकल्या. "इथे ठेवतेस चकत्या? अगं, थेंब भोकात उतरायच्या आधीच वाळतोय! हिच्या बघ, माठाखालच्या वाळूवर, वर काचेची वाटी उपडी. सावकाश वाळतात, म्हणून आत उतरतात."

नागपूरला तिचं नाव गेलं. ड्रेस शिवून आला तो मी आठ दिवस पिशवीतून काढला नाही.

नाव गेलं त्याच संध्याकाळी ती स्टँडवर सेलूच्या गाडीची वाट पाहत होती. मी तिथे जाऊन तिला गाठलं.

"तुले माहीत होतं ना, कूलरनं सत्यानाश होऊन राह्यला म्हणून? मले काऊन नाई सांगितलं?"

तिनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"मले काय माहीत? कूलरपाशी तू एक दिवस तरी बसू देल्लं का?"