निशिकांतचं दुसरं घर

सिंगापुरातल्या सेरंगूनच्या निशिकांतने तिथल्याच बुकित बातोकला दुसरं घर केलंय, ही बातमी प्रथम कुणी आणली ते विचारू नका. अशा बातम्यांना आईबाप नसतात, नुसत्या मावश्या असतात. दर शनिवारी दुपारी गडी डबा घेऊन एमआरटीच्या गाडीत बसतो, एका एकट्या चिनी बाईच्या फ्लॅटची बेल वाजवतो आणि दिवेलागणीला हसतमुखाने बाहेर पडतो, हे अनघाने स्वतः पाहिलं होतं. अनघा त्याच ब्लॉकमध्ये दोन मजले वर राहते आणि तिची लिफ्ट नेमकी त्या वेळेला खाली येते.

"आणि कहर म्हणजे," ती आवाज उतरवून म्हणायची, "डबा बायको भरून देते हो! बिचारी सुलेखा!"

"डब्यात काय असतं?" मी विचारलं.

"साबुदाण्याचे वडे. लिफ्टभर वास असतो."

आता हा निशिकांत प्राणी कसा, ते सांगतो. बँकेत ऑडिटर. सिंगापुरातसुद्धा लोक त्याला 'फार शिस्तीचा' म्हणायचे, यावरून काय ते समजा. छंद एकच, घडीचे चाकू जमवायचा. तेही मुठीवर चित्र कोरलेले. जुन्या काळी देवमाशांच्या शिकारीला गेलेले खलाशी वेळ जाईना म्हणून हाडावर, दातावर सुईने चित्रं कोरत आणि रेघांत काजळी भरत. त्या कलेला स्क्रिमशॉ म्हणतात. निशिकांतकडे एका मुठीवर शिडाचं जहाज होतं, एकीवर घुबड, एकीवर कप्तान. कारागिराचा हात हलल्यामुळे कप्तान तिरळा झालेला. तोच त्याचा सर्वांत लाडका! आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका हुडकणारा माणूस रविवारी ही चूक भिंगातून कौतुकाने बघत बसायचा. चाकू खिशात घालून हिंडायची सोय नाही. इथे खिशात चाकू सापडला तर पोलीस छंदाची चौकशी करत नाहीत. त्यामुळे खिशासाठी जन्मलेले ते चाकू दिवाणखान्यात काचेच्या कपाटात राहायचे. हस्तिदंताची मूठ मात्र त्याने तत्त्व म्हणून कधी घेतली नाही. त्या तत्त्वानेच घात केला.

२०१४ साली सुलेखाची आई पुण्याहून लांबच्या मुक्कामाला आली. आली ती नवरात्राच्या तोंडावर. खंडेनवमीला सुलेखाने पाटावर विळी, स्क्रूड्रायव्हर आणि मुलाचा, अनीशचा, लॅपटॉप मांडला. आजींची नजर काचेच्या कपाटाकडे गेली.

"अगं, घरात खरी शस्त्रं असताना लॅपटॉपला कसलं कुंकू लावतेस? जावईबापूंचे चाकू मांड की!"

निशिकांत असा हरखला! त्याच्या छंदाकडे घरातलं कुणी आपण होऊन वळल्याचं ते पहिलंच उदाहरण. त्याने सगळे चाकू ओळीने मांडले. आजींनी हळद वाहिली, कुंकू वाहिलं. कुंकू कोरलेल्या रेघांत जाऊन बसलं आणि शिडाचं जहाज लालेलाल झालं.

"काय सुबक काम आहे हो! हस्तिदंत का?"

"छे छे, आई! त्यासाठी हत्ती मारतात. आपण घेत नाही. हे साधं हाड आहे."

"कसलं?"

दुसरा कुणीही इथे खोकला असता. ऑडिटर म्हणाला, "बहुतेक गाईचं."

आजींच्या हातातलं आरतीचं तबक तसंच राहिलं.

"प्लास्टिक सांगायचं ना लाह, पपा!" अनीश सिंगापुरी हेल काढत पुटपुटला.

जावयाला शब्दाने दुखवायचं नाही, ही आजींची रीत. म्हणून जावई समोर बसलेला असताना त्या लेकीला म्हणाल्या, "त्यांना काही म्हणू नकोस हं. मी आपली फळं खाईन." आणि खरंच त्या घरात शिजलेलं अन्न त्यांनी बंद केलं. केळी, पपई, पुन्हा केळी. त्यात मधुमेह. आठवडा संपायच्या आत एकदा चक्कर येऊन भिंतीला टेकल्या.

निशिकांतने कुणाशी वाद घातला नाही. एक संग्राहक रविवारी येऊन सगळे चाकू घेऊन जाईल, असं ठरवून टाकलं. शनिवारी तो बिजागऱ्यांना तेल देत बसला होता. दात घासायच्या ब्रशने कुंकू काढत होता. जहाजाचं निघालं, कप्तानाचं निघेना. सुलेखा बराच वेळ दारात उभी होती.

"मग रविवारी काय करणार तू?"

"पेपर वाचीन."

"पेपर! तू!" ती म्हणाली. "आईला बोलता येत नाही मला, आणि तू तर काही बोलतच नाहीस. ठेव ते तेल. तुझ्या त्या मादाम को कुठे राहतात म्हणालास?"

मादाम को म्हणजे बँकेत त्याच्या शेजारी बसणाऱ्या, आता निवृत्त झालेल्या बाई. सुलेखाने स्वतः फोन लावला आणि अडचण सांगितली: हाडं आहेत, आमच्या घरात चालत नाहीत. पलीकडून मोठ्ठं हसू आलं.

"हाडं? माझ्याकडे रोज हाडांचंच सूप शिजतं! आण की! फक्त त्याच्या डब्यात ते गोल, कुरकुरीत यायचे ना, ते मला हवेत."

संग्राहकाला नको म्हणून कळवलं. कपाट टॅक्सीने गेलं. सुलेखाने घरभर गंगाजल शिंपडलं आणि त्या रात्री आजी वरणभात जेवल्या, वर तूपही मागितलं. चाकू घरातून गेले एवढंच त्यांना सांगितलं. ते खोटंही नव्हतं. पण कुठे गेले हे कळलं असतं, तर जावई दर शनिवारी हाडं हाताळून पंगतीला बसतो हेही कळलं असतं, आणि मग पुन्हा केळी. म्हणून नवराबायको गप्प राहिली. गावभर काय बोलतात ते दोघांच्याही कानावर येत होतं. अनघाने एकदा धीर करून सुलेखाला सुचवून पाहिलं, "तुला माहीतेय ना, शनिवारी निशिकांत कुठे जातो?"

"हो तर," सुलेखा म्हणाली. "आज वडे जरा तेलकट झालेत. लिफ्टमध्ये भेटला तर सांग, पोचल्या पोचल्या खायला द्या म्हणावं."

अनघाला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आजी आहेत तोवर हे असंच चालायचं, हे दोघांनी ठरवलं होतं आणि तसंच चाललं. बुकित बातोकच्या त्या फ्लॅटमध्ये निशिकांतचे चाकू होते. शनिवारी तो ते बघायला जायचा. डबा मादाम को यांच्यासाठी असायचा.