पेन्सिलीने लिहिलेला नवरंग

आज पहाटे अंगणातल्या फणसाखाली नवरंग उतरला. हिरवी पाठ, शेपटीखाली लाल रंग. पाचोळा उलटत तो इतका निवांत फिरत होता, की सगळं अंगणच अर्धवट झोपेत आहे असं वाटलं. हा पक्षी मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो.

हे कबूल करताना मान खाली जाते. माझी लेक मुक्ता दहा वर्षांची असताना सबंध मे महिना आम्ही याच पक्ष्यासाठी रोज टेकडीमागच्या राईत जायचो. एकदा कंटाळून मी म्हणालो, "तो बघ नवरंग! गेला!"

"खरंच दिसला, बाबा?"

"अगं, ढळढळीत!"

"मग मलाच कसा दिसत नाही रे?" म्हणत तिने वहीत नोंद केली. दुसऱ्या दिवसापासून आमचं जाणं थांबलं.

आता ती नोकरीसाठी परगावी असते. आज मी तिची ती वही काढली. खात्रीचे पक्षी पेनने आणि शंकेचे पेन्सिलीने लिहायचे, हा तिचा नियम. सगळं पान निळ्या शाईचं होतं. 'नवरंग, बाबाने पाहिला' एवढी एकच ओळ पेन्सिलीने लिहिली होती.

ती ओळ आज शाईने गिरवता आली असती. मी वही मिटली आणि तिला फोन लावला.

"मुक्ता, नवरंग आज दिसला गं."