नानांच्या फोनमधली किंचाळी

ती घटना आठवली की आजही मनातल्या मनात नानांचे आभार मानतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं, मी जळगावला तपास अधिकारी होतो. धुळ्याच्या एका कॉलेजचा पेपर परीक्षेआधीच फुटला. तो टाइप केला होता जळगावच्याच पिंप्राळ्यातल्या एका अक्कांनी, घरच्या कॉम्प्युटरवर. संचालक ठाण्यात येऊन म्हणाले, "पेपर बाईच्याच घरात होता. अटक करा." नोकरीआधी मी चळवळीची पत्रकं लिहायचो, म्हणून सरळच विचारतो: बाई, त्यात घरी बसून काम करणारी, म्हणजे लगेच चोर? वरूनही फोन आला, संध्याकाळपर्यंत अटक दाखवा.

अक्का जबाब देत होत्या. सोबत आलेले शेजारचे नाना मध्येच बोलले, "साहेब, हाई बाई चोर नही शे. बठ्ठा दोष फोनना शे!"

हवालदार वैतागला. "नाना, सगळा दोष फोनचा, तर तक्रार टेलिफोन ऑफिसात."

"तठे कोणी ऐकत नही. दुपारले फोन उचला का कानमा किंचाळस. भुसावळनी पोरसंगे बोलू कसा?"

अक्कांनी आपल्या लाइनचं एक्सटेन्शन खिडकीतून नानांना दिलं होतं. दुपारी त्या टायपिंग क्लासवर शिकवायला जात, घराला कुलूप. मग लाइनवर किंचाळत कोण होतं?

अक्का दचकल्या. "साहेब, तो आवाज मोडेमचा." सासूच्या आजारपणात त्यांना धुळ्यातल्या देवपूरला दिराकडे राहावं लागे. तिथून फोन लावून घरचा कॉम्प्युटर चालवता यावा, अशी सोय त्यांनी करून घेतली होती. म्हणून मशीन दिवसभर चालू असे.

"पासवर्ड कोणाला ठाऊक?"

"मला, आणि हे लावून देणाऱ्या मानलेल्या भावाला. देवपूरलाच दुकान आहे त्याचं. घरी जेवून गेला तो."

मी अटक थांबवली. अक्कांकडून एक खोटा पेपर टाइप करून घेतला. दुसऱ्या दिवशी बाहेरून कुलूप लावून घेऊन पंचांसह आत बसलो. फोन वाजला, मोडेम किंचाळला आणि पडद्यावरचा बाण आपोआप सरकू लागला. एका पंचाने हात जोडले.

"भूत नाही हो, माणूसच आहे," मी म्हणालो. बाणाने बरोबर तो खोटा पेपर उघडला. एक्स्चेंजने कॉल कुठून आला ते सांगितलं: देवपूरचं तेच दुकान.

चौकशीत तो आधी हसत होता. "साहेब, मी फक्त मशीन लावून दिलं."

"पासवर्ड काय ठेवलास?"

तो खाली बघत म्हणाला, "भाऊ. अक्काच म्हणाल्या, भाऊ, तूच ठेव काहीतरी सोपं."

मेहुण्याच्या शिकवणी वर्गासाठी पेपर चोरताना त्याला त्या हाकेची लाज वाटली नाही, याचा संताप अजून जात नाही. पण अक्का सुटल्या ते नाना हटून बसले म्हणून. तेव्हापासून भलतीच तक्रार घेऊन कोणी आलं, तर आधी खुर्ची द्यायची, हे शिकलो.

केस संपल्यावर अक्का पेढे घेऊन आल्या. मी गमतीने विचारलं, "नवा पासवर्ड काय ठेवला?"

त्या पेढा पुढे करत म्हणाल्या, "साहेब, पेढा घ्या. तेवढं विचारू नका."