पत्र्यावर वाळवलेलं कोलंबाइन

दानम्माची लेक महेश्वरी लग्न करून अमेरिकेत गेली आणि तिकडंच वारली. तिकडच्याच मातीत ठेवली तिला. दानम्मानं जन्मात पासपोर्ट काढला नव्हता, तेव्हा लेकीचं तोंड फोनवर दिसलं तेवढंच, आणि तेही मधेच अडकलेलं.

पुढच्या वैशाखात जावई सोमेश सोलापूरला आला. अक्कलकोट रोडवरच्या दोन खोल्यांत, पत्र्याखाली घाम पुसत बसला आणि जाता जाता खिशातून एक पुडी काढली. आत बी होतं. कारळ्याहून बारीक, काळं, तुळतुळीत.

"अव्वा, हे कोलंबाइन. थंड डोंगरातलं रानफूल. महेश्वरीनं दारात लावलं होतं, त्याच्याकडं बघत चहा प्यायची. हे बी तिनंच धरलेलं."

दानम्माचा नवरा तिप्पण्णा जन्मभर टॉवेलच्या मागावर उभा राहिलेला. कान निम्मे तिथंच गेले, जीभ तेवढी शाबूत. तो म्हणाला, "सोलापुरात थंडी कुटनं आणायची, जावईबापू?"

"दोन महिने फ्रीजमध्ये ठेवायचं. मग वरच्यावर पेरायचं, माती लोटायची नाही."

"मंजी कुलपीच की."

सोमेश हसला. लई दिवसांनी हसला असावा, कारण हसता हसताच त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात रिक्षा आली.

दानम्माला ते फूल हवं होतं. शोभेला नव्हे. लेक इतकी वर्षं दारात बसून कशाकडं बघत चहा पीत होती, ते तिला एकदा बघायचं होतं. बघण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं.

म्हणून तिनं सगळं नीट केलं. तिच्या आईची शिकवण होती, कुठलंही बी ऊन दाखवल्याबिगर डब्यात भरायचं नाही, कीड लागते. ज्वारीला ऊन, तुरीला ऊन, अंबाडीला ऊन. मग लेकीच्या बियाला कमी कसं करायचं? जुन्या पातळाच्या तुकड्यावर बी पसरून तिनं पत्र्यावर ठेवलं. पत्रा असा तापलेला की कावळा टेकत नव्हता. ही मात्र शिडीवर, डोक्यावर पदर घेऊन, चिमण्या हाकत बसली. चांगलं कडकडीत वाळल्यावर राख चोळली, डबीत भरलं आणि फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्यामागं ठेवलं.

दिवाळीनंतर हवा जरा उतरली तशी कुंडीत पेरलं. रोज सकाळी उठून ती आधी कुंडी बघायची, मग तोंड धुवायची.

"अशी टक लावू नगं," तिप्पण्णा म्हणायचा. "लाजतंय ते."

संक्रांत झाली. काही आलं नाही. सोमेशचा फोन आला.

"अव्वा, उगवलं?"

"न्हाय रे. समदं केलं की. ऊन दावलं, राख लावली, फ्रीजमधी ठेवलं."

"ऊन? कुठं?"

"पत्र्यावर."

फोन अडकला वाटून तिनं तो हलवला.

"ते भाजलं असेल, अव्वा," तो हळूच म्हणाला.

"तितं आणखी हाय का बी?"

"घर विकलं. नव्या मालकानं तिथं गाडीसाठी फरशी घातली."

"बरं," दानम्मा म्हणाली. "जेवलास का?"

कुंडीला पाणी घालायचं काही तिनं सोडलं नाही. एका सकाळी तिप्पण्णा बाहेरून ओरडला, "आलं बघ की ग."

दानम्मा आली. शेतातच वाढलेली बाई. उंबऱ्यातूनच तिला कळलं.

"तांदुळजा हाय वो."

तिप्पण्णा म्हणाला, "उपट मग. दोन घास भाजी व्हईल."

"ऱ्हाऊ द्या."

ती खाली बसली. त्या रोपाभोवतीची माती बोटानं चाचपून, काळं तुळतुळीत काही लागतंय का ते तिनं बघितलं. काही लागलं नाही. मग आत जाऊन चहा घेऊन आली आणि तिथंच, तांदुळजाकडं बघत, प्यायला बसली.