पारूबाईच्या फोटोखालचा अंगठा

साहेब गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. काच खाली केली, फोटो काढला, काच वर केली, गेले. लगेच माझ्या खिशात फोन थरथरला. कामाच्या ग्रुपवर पारूबाईचा फोटो. फुलपाड्यातल्या एका बिल्डिंगच्या ओट्यावर बसलेली, झाडू बाजूला टेकवलेला. खाली साहेबांनी लिहिलं होतं, 'महाराणी आराम करतायत. हे लोक सुधारणार नाहीत.'

हे लोक म्हणजे आम्ही. पारूबाई आमच्याच वस्तीतली, माझ्याच जातीची. मी मुकादम, साहेबांच्या ठेक्यावरच्या झाडूवाल्यांवर देखरेख करणारा. गळ्यात शिट्टी आली तेव्हा मला वाटलं होतं, आपण 'हे लोक'मधून सुटलो.

ग्रुपवर एक रीत होती. साहेबांनी काहीही टाकलं की प्रत्येकानं खाली अंगठा टाकायचा. नाही टाकला की फोन यायचा, "काय रे, पटलं नाही वाटतं?" अंगठे पडायला लागले. मीही टाकला.

आणि तिला बसवलं होतं मीच. कचऱ्यातली काच चप्पल फाडून तिच्या पायात घुसली होती. मी म्हणालो होतो, "बस पारूबाई, फडकं बांध."

"साहेब बघतील, मुकादम."

"मी आहे ना."

तिला वाचता येत नाही. सुनेचा जुना फोन वापरते. तिला फोटो तेवढा दिसला. लंगडत माझ्याकडे आली. "माझा फोटू कशापायी आलाय? आन् एवढे अंगठे? चांगलं लिवलंय का काय?"

"हां," मी म्हणालो.

ती हसली. पदर सारखा केला आणि परत झाडायला लागली.

संध्याकाळी ग्रुपवर ओळ आली. 'साहेबांनी पारूबाईला काढलं.' आमच्याकडे कामावरून काढायची हीच पद्धत. पत्र नाही, बोलणं नाही. ग्रुपमधून गेला तो कामावरून गेला. दुसऱ्या दिवशी ती हजेरीला आली. तिला परत पाठवायचं काम माझ्याच वाट्याला आलं. तेही मी केलं.

ती गप्प बसली नाही. कामगार कार्यालयात तक्रार केली. मग साहेबांनी मला हजेरीच्या चौकीत बोलावलं, सगळ्यांसमोर. "ग्रुपवर आवाज पाठव. ती रोज अशीच बसायची, म्हण."

मी फोन काढला, पण बटण दाबलं नाही.

"म्हाताऱ्याला बटण सापडत नाही रे!" साहेब म्हणाले, तशी कामावरची पोरं हसली. साहेब माझ्या मुलापेक्षा लहान. त्यांनी माझं बोट धरलं आणि फोनवर दाबून ठेवलं. "हं. बोल आता."

राग आला नाही. खरं सांगतो, नुसता थकवा आला. आयुष्यभर कुणी ना कुणी असंच माझ्याकडून वदवून घेत आलं होतं. यापुढे ते ओढायची ताकद उरली नव्हती.

मी बोललो, "पारूबाईला मी बसवलं होतं. तिच्या पायात काच होती. मी भिऊन अंगठा टाकला. तिला खोटं सांगितलं." बोट उचललं. आवाज ग्रुपवर गेला.

साहेबांनी तो लगेच पुसला. मग मलाही काढलं. ज्यांच्यासाठी मी सुट्ट्या मागायचो, तेही खाली बघत होते. त्यांना मी दोष देणार नाही. मीही तसाच बघायचो.

पारूबाईच्या दारात गेलो. फोटोखाली काय लिहिलं होतं ते शब्दन् शब्द वाचून दाखवलं. "मंग त्या दिशी हां कशाला म्हणलात, मुकादम?" एवढंच. दार लावून घेतलं.

कार्यालयातल्या सुनावणीला मी जाणार आहे. तिनं बोलावलेलं नाही. तिथे मला विचारतील, तेव्हा का नाही बोललात? मी सांगेन, माझी नोकरी मला तिच्या पोटापेक्षा प्यारी होती. हेही लिहून घ्या म्हणेन. आणि कुणी काढलं असं विचारलं, तर साहेब म्हणणार नाही. त्या माणसाचं पूर्ण नाव घेईन, त्याच्या तोंडावर.