‘प’ दाबला की मायक्रोफोन

शुक्रवारी दुपारी धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी सांगलीला ऑफिसात होते.

“ताई, आईचं काय खरं न्हाई गं. डोक्यावर परिणाम झालाय म्हणं. काल साताऱ्याला डॉक्टरला दाखवून आणलं. स्वतःचा पासवर्डबी आठवंना तिला.”

हातातला कागद मी कधी खाली ठेवला, आठवत नाही. आईचा पासवर्ड मीच टाकून दिला होता. तिच्या शाळेचं नाव आणि पुढे तिचं जन्मसाल. हे ती विसरेल?

आईला आवाज नाही. दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. सगळी नोकरी तिने कोरेगाव तालुक्यातल्या शाळांमधून पोरांना शिकवण्यात काढली, आणि उतारवयात ती मुकी झाली. लिहून सांगावं तर बोटांचे सांधे सुजलेले, पेन धरता येत नाही. मोबाईलवरची अक्षरं तिच्या बोटाला फार बारीक. मग मी माझा जुना कॉम्प्युटर कोरेगावच्या घरी नेऊन ठेवला आणि तिला मराठी टायपिंग शिकवलं. उजव्या हाताच्या एका बोटाने ती टकटक करत बोलू लागली. भाजीत मीठ जास्त झालं इथपासून उसाला पाणी कधी सुटणार इथपर्यंत सगळं पडद्यावर उमटायचं. भाऊ शेतातून आला की आधी पडदा वाचायचा, मग हातपाय धुवायचा.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी कोरेगावला उतरले. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

आई कॉटवर बसली होती. समोरच्या टेबलावर कॉम्प्युटर होता, पण कीबोर्ड नव्हता.

“कीबोर्ड कुठाय रे?”

भावाने कपाटाच्या वर बोट दाखवलं. “मंगळवारी काढून ठिवला. रागारागानं आपटाय लागली. लिव्हायचं सोडून कायबी उघडायची, बंद करायची. मग पडदा काळा व्हायचा आन पासवर्ड मागायचा, त्यो तिला येईना. मला वाटलं, नुसता तरास करून घेतीया.”

मी आईजवळ बसले. आणि मग जे केलं त्याची आजही लाज वाटते. लहान मुलाशी बोलावं तशी मी सावकाश, मोठ्याने म्हणाले, “आई, मी कोण आहे, सांग बघू?”

आईला ऐकायला उत्तम येतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड भिंतीकडे वळवलं.

मला वाटलं, ओळखलं नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्याने ती बराच वेळ झोपून असायची. चिठ्ठीवर इंग्रजीत लिहिलं होतं की स्मरणशक्ती कमी होत असल्याची शंका आहे, साध्या प्रश्नांची उत्तरं देत नाही. मी ठरवलं, सांगलीच्या डॉक्टरांचंही मत घ्यावं. तिचे जुने रिपोर्ट त्या कॉम्प्युटरमध्येच होते. मी स्टुलावर चढून कीबोर्ड खाली काढला, जोडला आणि पासवर्ड टाकला.

एकही अक्षर पडेना.

पुन्हा टाकला. सावकाश, एकेक बटण दाबून. चौकट रिकामीच. मागे कॉट करकरली. आई उठून बसली होती. माझ्याकडे नाही, माझ्या बोटांकडे बघत होती.

ऑफिसचा लॅपटॉप बरोबर होता. त्याची स्वतःची बटणं व्यवस्थित चालत होती. मी आईच्या कीबोर्डची वायर काढून लॅपटॉपला लावली आणि नेहमीसारखं ‘पाणी’ लिहायला गेले. ‘प’ दाबला. अक्षर आलं नाही. वर एक पट्टी उघडली, त्यात मायक्रोफोनचं चित्र, आणि इंग्रजीत लिहिलेलं, ऐकतो आहे, बोला. काना दाबला, फायलींची खिडकी उघडली. दीर्घ वेलांटी दाबली, कोपऱ्यात भलतीच चौकट आली. मग ‘त’ दाबला तशी माझी स्क्रीन एका क्षणात बंद होऊन पासवर्ड मागू लागली.

मुक्या बाईने पाणी मागायला बोट टेकवावं आणि मशीनने तिला म्हणावं, बोला. किती वेळा म्हटलं असेल?

“अरे, हिला काही झालेलं नाही!” मी ओरडलेच. “कीबोर्ड बिघडलाय!”

भाऊ दारातच थबकला. “म्हंजी?”

मी त्याला दाखवलं. खालच्या ओळीत खिडकीचं चिन्ह असलेलं एक बटण असतं. ते दाबून धरलं की बाकीची बटणं अक्षरं काढत नाहीत, हुकूम देतात. कुणी दाबलेलं नसतानाही ते बटण दबलेलंच होतं, शेजारच्यांपेक्षा केसभर खाली. मी चमच्याच्या दांड्याने ते उचकटलं. खाली हळूहळू घट्ट होत गेलेली तपकिरी, चिकट खपली.

साखर. चहाची.

पंधरा दिवसांपूर्वी माझ्याच हातून त्या टेबलावर कप कलंडला होता. मी ओढणीने वरवर पुसलं आणि “काही नाही झालं” म्हणून बसच्या घाईत निघून गेले होते. भावाला मनातल्या मनात दोष देत आले होते, आणि खपली माझीच होती.

आईच्या औषधांत स्पिरिट आणि कापूस होता. भावाने आणून दिला. सगळं पुसलं, वाळू दिलं. ते बटण मी परत बसवलंच नाही, भोक तसंच ठेवलं. कीबोर्ड जोडून तिच्यापुढे सरकवला.

आईने पासवर्ड टाकला. एका दमात, न चुकता. मग लिहायला लागली. आम्ही दोघं मागे उभे.

“सोमवारी दुपारपासून हे असं होतंय. मी बोट करून दाखवत होते. तुम्हा कुणाला एक बटण दाबून बघावंसं वाटलं नाही.”

थोडं थांबून पुढची ओळ.

“डॉक्टरांनी वार विचारला. मी चार बोटं दाखवली. सोमवारपासून चौथा, गुरुवार. त्यांनी लिहिलं, उत्तर देत नाही.”

“आई, चुकलं गं माझं,” भाऊ म्हणाला. आईने त्याच्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे वळली आणि लिहिलं, “तू माझी थोरली. चहा सांडणारी.”

म्हणजे तिला कप कलंडल्याचं आठवत होतं. हे कशाने झालंय, तेही बहुधा पहिल्याच दिवशी कळलं होतं. फक्त सांगायचा मार्ग उरला नव्हता.

सोमवारी आम्ही तिघं साताऱ्याला गेलो. आईने टाईप केलेली दोन पानं छापून घेतली होती. डॉक्टरांनी ती उभ्यानेच वाचायला घेतली आणि अर्ध्यावर खुर्चीत बसले. गोळ्या बंद केल्या. मग जुनी चिठ्ठी मागून घेतली, ती ओळ खोडली आणि खाली सही केली.

भावाशी मात्र ती पुढचा आठवडाभर पडद्यावरसुद्धा बोलली नाही.