ओकिनावात सई काय बोलत होती

विमानाने टोकियो सोडलं तेव्हाच मी नवऱ्याला, निखिलला म्हटलं, "फोटोत दिसतो एवढा निळा समुद्र कुठेही नसतो." निखिलला खरं तर मेक्सिकोला जायचं होतं. मायांची पडकी देवळं, स्पॅनिशांची जुनी गावं आणि मग समुद्र. तेवढी रजा मिळेना. मग त्याने शोध लावला की ओकिनावात (जपानच्या दक्षिणेचं बेट) पडके किल्लेही आहेत, परक्यांची छाप पडलेलं गावही आहे आणि समुद्र तर आहेच. दुधाची तहान ताकावर.

मी मूळचीच संशयी, त्यात या वेळी मनात चोर. निखिलचं जपानमधलं काम मार्चमध्ये संपत होतं आणि आम्ही कायमचे पुण्याला परतणार होतो. दहा वर्षांच्या सईला हे सांगितलं नव्हतं. ती अगदी लहानपणापासून टोकियोच्या कोतो भागात वाढली, जपानी शाळेत जाते, आम्ही मराठीत विचारलं तरी उत्तर जपानीत देते, त्यामुळे तिला मराठी जेमतेमच कळतं असा आमचा समज. शेवटच्या दिवशी समुद्रावर, ती खुशीत असताना सांगायचं ठरलं होतं.

पहिल्यांदा किल्ला पाहिला. इथे त्याला 'गुसुकु' म्हणतात. सिंहगड चढलेल्यांना ही चढण म्हणजे जिनाच. भिंत मात्र सुरेख वळणं घेत गेलेली, सांध्यात नखही शिरू नये अशी.

"ही नंतर बांधली असणार," मी म्हटलं.

"काही भाग," निखिलने पाटी वाचून कबूल केलं. मला बरं वाटलं.

वर झाडाखाली एक म्हातारे गृहस्थ बसले होते. सई त्यांच्याशी बराच वेळ बोलली. मग त्यांनी माझ्याकडे बघून हळहळल्यासारखी मान हलवली. माझं जपानी स्टेशन आणि दुकानापलीकडे जात नाही.

"काय गं, काय म्हणाले आजोबा?"

"बेत्सुनि," (काही विशेष नाही) सई म्हणाली.

दुपारी अमेरिकन तळाशेजारच्या गावात पोचलो. इंग्रजी पाट्या, रंग उडालेली दुकानं. जेवायला टाको राइस, म्हणजे मेक्सिकोचा टाको अमेरिकनांमार्फत येऊन भातावर बसलेला. आम्ही खिम्याशिवाय मागितला, तर उरलं काय? भात, टोमॅटो, चीज. "झालं तुझं मेक्सिको," मी निखिलला म्हटलं. तेवढ्यात दुकानदारीण सईशी बोलता बोलता डोळे टिपू लागली आणि तिला जांभळ्या रताळ्याचं आइस्क्रीम देऊन गेली. जपानात, फुकट?

"का दिलं?"

"शिरानाइ." (मला काय माहीत.)

मुक्काम समुद्राकाठच्या एका घरगुती लॉजवर होता. संध्याकाळी छतावर पाल चुकचुकली. टोकियोत कधी ऐकलीच नव्हती. सवयीने जमिनीवर टकटक करून मी "कृष्ण कृष्ण" म्हटलं. स्वयंपाकघरात सई मालकीण ओबासानशी (मावशींशी) कुजबुजत होती. मी आत गेले तशा दोघी गप्प झाल्या. आपल्यापासून मूल काहीतरी लपवतंय, या विचाराने मला झोप लागेना. चोराच्या मनात चांदणं.

सकाळी समुद्र पाहिला. कबूल करते, फोटोपेक्षा निळा होता. निखिल घसा खाकरून म्हणाला, "सई, तुला एक सांगायचंय." ती थेट पाण्यात पळाली. तिच्यामागे धावताना याचा डावा पाय प्रवाळावर कापला. मग रक्त, पट्टी, धावपळ. सांगायचं राहिलंच.

निघताना ओबासाननी माझे दोन्ही हात धरले आणि मला समजावं म्हणून एकेक शब्द सावकाश उच्चारला. सई म्हणाली, एप्रिलपासून इंडिया. सई रडली. "मोठी होऊन आले तर मला ओळखाल ना?" असं तिने विचारलं. त्यांनी "ओळखेन" म्हणून सांगितलं होतं.

भाड्याची गाडी सुरू झाल्यावर मी मागे वळले. "सई, तुला हे कुणी सांगितलं?"

ती खिडकीबाहेर बघत होती. या प्रवासात पहिल्यांदाच ती मराठीत बोलली.

"तुम्हीच. रोज जेवताना माझ्यासमोर बोलता. मला मराठी कळतं, आई."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते."

निखिलने गाडी कडेला घेतली. मला तोंड लपवावंसं वाटलं.

टोकियोत उतरून कोतोच्या ट्रेनमध्ये बसलो. लेकीपासून लपून बोलायला आता आमच्याकडे भाषाच उरली नव्हती, आणि ते बरंच झालं. मध्ये बसलेल्या सईने अचानक विचारलं, "पुण्याच्या घरी पाल आहे?"

"आहे. ट्यूबलाइटच्या मागे."

"नाव काय?"

"अजून ठेवलं नाही," निखिल म्हणाला. "तू ठेव."

सईने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "आधी बघते, आहे का. मग ठेवते."